वाघ चालते अन् कोयल गाते

तुमाले वाटत असन, सिनेमाची गोठ हाये तं आता हिरोईन येईन, झाडाभोवती फिरन, अन् मी तिच्यापायी येडा होईन. नाई येत. आपल्या गोठीत एक वांदर हाये, अन् तेही मीच. जमत असन तं वाचा, नाई तं जा, ढोरं पानी पाजा.

चांद्याले नाल्याच्या काठावर एक टिनाचं टॉकीज हाये. मांगं सारं झुडूप. हे झालं त्याच हप्त्यात त्या झुडपातून बिबटानं एक बकरी नेली होती. टॉकीजची मशीन चालवनारा आमच्या घराच्या बाजूलेच राहे. अख्खा मोहल्ला त्याले चाचा म्हने. चाचा कोनाशीच गोड बोलत नोता, माह्याशी तं नाईच, काऊन का मी त्याच्या खोकल्याची नक्कल अशी करो का चाची पान्याचा गिलास घेऊन बाहेर ये. तरी तो मले केबिनात बसू दे. "डोळे खिडकीत, तोंड बंद," एवढीच अट.

त्या खिडकीतून मी एका मारधाडीच्या सिनेमाची सुरवात नऊ डाव पाह्यली. आधी नावं येत अन् सोबत ढोल. असा ढोल का छातीतलं हाड हाले. मंग ढोल एकदम बंद. पडदा काळा. अन् तितक्यात एक बूट. फक्त बूट, वाळक्या पानावर, कर्र. मानूस कोन, ते दाखवतच नाई. मले लय राग ये. एक दिवस मी म्हनलं, "अबे, तोंड दाखव ना!" तं चाचा खेकसला, "तोंड दिसलं का भेव गेलं. कॅमेरावाला तुह्यापेक्षा शाना हाये."

मंग कॅमेरा खाली बसे. घुटन्याएवढ्या उंचीवरून, गवताच्या बुडातून, त्या बुटामांगं हळूहळू जाये. गवत दोन्ही बाजूनं सरके. पयल्या डावी मले समजलंच नाई, हे कोन चालून राह्यलं. तिसऱ्या डावी समजलं अन् मानेवरचे केस उभे झाले. वाघ! कॅमेराच वाघ हाये, अन् आपन त्याच्या डोळ्यातून पाहून राह्यलो.

अन् नेमकी तिथीच कोयल गाये. कुहू, कुहू.

पडद्यापुढचं अख्खं पिट हासे. "वाघ चालून राह्यला अन् कोयल गाऊन राह्यली! हे जंगल हाये का लगनाचा मांडव?" चांद्याचे लोक हायेत बाप्पा, निम्मे जंगलातूनच आलेले. एकदा हासले का झालं. मंग हिरो पाहाडावरून उडी मारो का दहा जनांले लोळवो, पिटातून कुहू कुहूच आयकू ये.

टॉकीजचा शेठ केबिनात चढून आला. सोबत त्याचा साळा, पान चावत, मशीनीकडं असा पाहे जशी त्याच्याच घरची हाये.

"चाचा, तू मशीन बराबर चालवून नाई राह्यला."

"मशीन नाई गाऊन राह्यली शेठजी, फिल्लम गाऊन राह्यली."

"लोक हासून राह्यले ना? उद्या बजार हाये. बैलबंड्या भरून लोक येतीन. तीनच्या खेळाले हासले, तं केबिनची चाबी माह्या साळ्याले."

साळा पिचकारी मारून गेला, केबिनाच्या दारावरच. चाचानं ती पुसली, मंग काच पुसली, मंग पुसलेली काच परत पुसली. टॉकीज उभं राह्यलं तईपासून ती चाबी त्याच्या करदोड्याले होती.

मी म्हनलं, "चाचा, कोयल आली का तुमी आवाजाचा कान पिळा. बाकीचं मी पाहातो."

"तू काय पाहाशीन? नकल्या!"

पन मले येत होतं. माह्या मावशीचं गाव धानोऱ्याकडं हाये. मोहाच्या दिवसात आमी पहाटीच फुलं येचाले जावो. वाघ निंगाला का पयले झाडावरचं काळतोंडं वांदर सांगे, खाँक्! मंग चितळ शिटी मारे. मंग सारंच चूप. ढोल थांबल्यावर पडदा काळा होते ना, तसंच. अन् वांदर खाकललं का बाया टोपल्या टाकत, सारे एका जागी जमत, डबे वाजवत, हो हो हो करून वरडत, वाघ मुरडेपर्यंत. हे सारं मले ठाऊक होतं. तरी डोक्यात नाई आलं.

चाचानं तीन डाव नाई म्हनलं, माह्या बापाले शिव्या देल्ल्या, अन् खेळाच्या टायमाले म्हनला, "एकच डाव. अन् हळू."

पडद्याच्या मांगं भोंगा होता, त्याच्या बाजूले उभं राहाले जागाच नाई. खांदा लागला तं पडदा हाले. म्हनून मी मांगच्या दारातून बाहेर झालो अन् दार लोटून घेतलं. फटीतून सिनेमा उलटा दिसे. मी आपला उभा, पाठीमांगं नाला.

ढोल थांबला. बूट आला. कॅमेरा खाली बसला. चाचानं आवाज बंद केला. अन् मी देल्लं, "खाँक्! खाँक्-खाँक्!" मंग चितळाची शिटी. मंग चूप.

आत कोनी हासलं नाई. खोकलाही नाई. देवाशपथ सांगतो, असं वाटलं का सिनेमा मीच बनवला. मले राहावलं नाई. मी आनखी एक डाव देल्लं, पोटातून.

आतून एका बुढ्याचा आवाज आला, "मांगं हाये! नाल्यात हाये!"

झालं. पाचशे लोक हो हो हो करत उठले. टॉकीज टिनाचं, ज्याचा हात जिथी पुरला तिथी त्यानं टिन बडवलं. तो आवाज कोनत्याच फिल्लमीत नाई. लोक गेटावर कुऱ्हाडी ठेवून आत गेले होते, त्या घ्याले सारे गेटावर पडले. कोनाची तरी काठी आली अन् पडद्यातून आरपार, हिरोच्या छातीतून, माह्या दारावर. शेठचा साळा सगळ्यात आधी केबिनात पोचला अन् चाचाच्या पायाले मिठी मारून बसला.

लोक कुऱ्हाडी घेऊन मांगं आले, तं तिथी मी.

बुढ्यानं मले खालून वरपर्यंत पाह्यलं. "तू खाकलला?"

"हो, भाऊ. सिनेमासाठी."

"पडद्यातला वाघ खोटा हाये, हे मले कळते. पन वांदर पडद्यात नाई बोललं, नाल्यात बोललं. उद्या खरं बोललं अन् माह्या सुनेले वाटलं, चांद्याचं पोट्टं मजाक करून राह्यलं, तं? टोपली उचलायची का टाकायची तिनं? सांग!"

तो थुकला अन् बंडी जुपाले गेला.

शेठनं काहीच आयकलं नाई. "हासले तं नाई ना शेठजी," मी म्हनलं, तं त्यानं मले एक वाजवली. मंग चाचासमोर हात पसरला. करदोड्याची गाठ इतक्या वर्साची, चाचाले सोडता येईना. साळ्यानं ब्लेड आनून देल्लं.

दिवस मावळता आमी दोघं पडदा शिवत बसलो. शेठचा हुकूम होता. चाचानं दोरा ओवला अन् मंग तोंड उघडलं.

"गधे, भोंगा पडद्यामांगं काऊन ठेवते? चित्र जिथी, आवाज तिथी. नऊ डाव पाह्यलं अन् एवढंही नाई समजलं? एकच डाव म्हनलो होतो ना? दुसरा कोनासाठी देल्ला? फिल्लमसाठी? नाई. सोतासाठी! तुह्या त्या एका खाँक् पायी माही चाबी गेली. आता माह्या घरासमोर खोकलास तं जबान कापून टाकीन. खाली पाहाय. टाका वाकडा चालून राह्यला, हिरोच्या छातीवर येते तो, उद्या साऱ्यांले दिसन. अन् दात काहाले काढून राह्यला बे, नालायक?"