पुढची लढाई आणि कन्हानचा थांबा

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. आम्हा नागपूरकरांना तो वर्षातून मोजक्याच दिवशी उघडा असतो. १९७२ च्या सव्वीस जानेवारीला मी प्रवासाची सुरुवात तिथूनच केली. पुढे रामटेक आणि नगरधन, असा दोन दिवसांचा बेत. सोबत शेजारचा तुळशीराम आणि त्याची मुलगी शेवंता.

तुळशीराम हातमागावर लुगडी विणतो. शेवंताला कन्हानचं स्थळ आलं होतं. मुलगा पायदळात, डिसेंबरची लढाई करून धडधाकट परतलेला. पोरीची पसंती होती, बापाचा पाय अडला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर कळवायचं होतं.

"भाऊ, तू लढायांची एवढी पुस्तकं वाचून राहिला," तो मला म्हणाला होता, "तर मले एक सांग. पुढच्या लढाईत पायी शिपाई लागन का? लागत नसन तर देतो पोरगी."

माझं शिक्षण सातवीपर्यंत, धंदा घड्याळदुरुस्तीचा. पण वाचनालयात लढायांवरचं एकही पुस्तक मी सोडलेलं नाही, आणि त्यांतल्या नकाशांच्या चुकाही काढल्या आहेत. म्हटलं, ओट्यावर बसून नको, जागेवर चल, तिथं सांगतो.

किल्ल्यावर जायचं तर सकाळीच जा, दुपारी रांग वाढते. चढ सोपा आहे. वर गेल्यावर मी दोघांना १८१७ ची लढाई दाखवली. इंग्रज या दोन टेकड्यांवर होते. लहान टेकडी भोसल्यांच्या अरब शिपायांनी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीवर वळवली. तरी शेवटी जिंकले इंग्रजच.

"भाला दोन हातांवर मारतो," मी म्हणालो, "बाण शेताच्या धुऱ्याबांधापर्यंत, तोफ या टेकडीवरून त्या टेकडीवर, आणि आता विमान. मारणारा लांब लांब सरकत चालला आहे. पुढं सगळं बटणावर."

तुळशीरामचा चेहरा खुलला. "म्हणजे जावई खुर्चीत."

शेवंता लहान टेकडीकडे बघत होती. "काका, ते टेकडी घेतली कशी गा? तोफेनं?"

"नाही. धावत चढून," मी म्हणालो, आणि पुढचं व्याख्यान तिथंच आवरलं.

रामटेकची एसटी कामठी, कन्हान करत जाते. डाव्या खिडकीशी बसा. कन्हानच्या पुलावर गाडी आली की हिवाळ्यातली नदी आणि वाळूवरच्या कलिंगडाच्या वाड्या छान दिसतात. तुळशीरामनं मात्र पूल आणि गाव दोन्ही सरेपर्यंत उजवीकडे तोंड केलं होतं.

रामटेकला धर्मशाळेत जागा सहज मिळाली. शेवंतानं डब्यात पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा रस्सा आणला होता. असा झणझणीत, की नाक पुसायला पंचा कमी पडला. वर रामटेकचं पान. ते न खाता परत येऊ नका.

सकाळी नगरधनसाठी टांगा केला. भाडं आधी बोलून घ्या, परतीचंही. किल्ला सपाट जमिनीवर आहे, बुरूज अजून ताठ. आत जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, तिथला गारवा अनुभवावा. दर्शन घेऊन वर आलो, तटावर संत्री सोलत बसलो. गावातला एक म्हातारा आत गाई चारत होता. कोणाचं राज्य होतं, कोणाचं आलं, त्याला देणंघेणं नव्हतं. गाई सावलीला होत्या.

तिथं मी कालचं वाक्य परत घेतलं. "तुळशीराम, तट पाडायला तोफ पुरते, विमान पुरतं. पण पाडलेली जागा राखायला माणूस उभा करावा लागतो. प्रत्येक नव्या हत्याराच्या वेळी लोक म्हणाले, आता शिपाई नको. दर वेळी तो लागला. पुढंही लागेल."

त्याची फोड हातातच राहिली. "मंग मोडलंच म्हणा."

"काहून?" शेवंता म्हणाली. "बाबा, डिसेंबरात लढाईपायी काळोख पाळला, तवा आपल्या खिडकीले गोधडी लावून तुम्ही विणत होते. आठवते का?"

न आठवून कसं चालेल. गस्तीवाल्यानं उजेड नाही म्हणून शाबासकी दिली, आणि मग खटखट ऐकून माग बंद करायला लावला. वर विमानाला आवाज जाईल म्हणून. आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना ते पटलं. मलाही.

"विमान आलंच नाही, तरी माग थांबला," ती म्हणाली. "लढाई तर आपल्या घरातही शिरली. मंग मले लपवून ठेवता कुठी? तुमच्या गोधडीमागं? त्याले निदान बंदूक तरी देतात."

तुळशीराम हसला नाही. फोड खाल्ली, बिया मुठीत धरून ठेवल्या. "पोरगी तुह्याच वळणावर गेली, भाऊ," एवढंच म्हणाला.

परतीची गाडी दुपारची होती. कन्हानच्या थांब्यावर कंडक्टरनं घंटी ओढायच्या आधीच तुळशीराम उठला. "उतरा," म्हणाला. "निरोप दुसऱ्याच्या तोंडून काहून धाडायचा?" रामटेकहून घरी न्यायला घेतलेली पानं त्याच्या हातात होती. तीच सोयऱ्यांकडे दिली.

पुढची लढाई कशी होईल, यावर मी आता इतकंच सांगतो: जशी होईल तशी, पायी माणूस तिच्यात असेल आणि आपलं घरही. माझी पुस्तकं याच्या पलीकडे गेलेली नाहीत. मी हे दुकानात बसून लिहितोय, आणि भिंतीपलीकडे तुळशीरामचा माग चालू आहे. लग्नाचं लुगडं तो स्वतः विणतोय. काठ लाल धरलाय. मी विचारलं, किती दिवस लागतील. म्हणाला, "मधी कोणी थांबवलं नाही, तर वेळेत होते."