सुनंदे, तुझा

आमच्या घरात वीटभट्टीवर राबणारी चार माणसं होती आणि एकालाही सही येत नव्हती. दवाखान्याचा असो की तलाठ्याचा, कागद आला की सगळे म्हणायचे, "थोरलीला दाखवा." थोरली म्हणजे मी.

काल आमच्या कॉलेजच्या मैदानावर मुलींचा बेसबॉलचा सामना बघत होते. मी तिथंच शिकवते. आमचा संघ नेहमीसारखा हरत होता. दूर मधोमध उभी असलेली सुनंदा तेवढी धावत होती. चेंडू उंच उडाला की बाकीच्या जागच्या न हलता ओरडायच्या, "सुनंदे, तुझा."

शेजारी वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या अक्का आणि शिपाई गणूतात्या बसले होते.

"ही पोरगी चांगल्या संघात पाहिजे होती," तात्या म्हणाले.

"तिथं हिच्या वाट्याला किती चेंडू आले असते?" अक्का म्हणाल्या. "इथं सगळेच येतात, म्हणून तर हात बसला."

"हात बसला, पण पायांचं काय?"

अक्का पुन्हा मैदानाकडं बघू लागल्या.

खरं दोघांचंही होतं. सगळं आपल्याकडंच येतं म्हणून माणूस तयार होतो, आणि त्यानंच दमतो. शाबासकी पुष्कळ मिळते, पण "हा मी घेते" असं कुणी म्हणत नाही. सुनंदानं आणखी एक झेल घेतला आणि गुडघ्यांवर हात टेकून ती तशीच वाकून राहिली. तसं वाकून राहणं मला ठाऊक आहे.

मी बी.ए. झाले, घरातली पहिली. पाठच्या दोघी बहिणीही झाल्या. तरी कागद आला की घरात अजूनही सगळे म्हणतात, "थोरलीला दाखवा."