सरकलेलं शेत

म्बाक आमच्याकडे कामाला आली तेव्हा माझी लेक जेमतेम बसायला शिकली होती. म्बाक म्हणजे जावाच्या भाषेत ताई. लेकीने तशी हाक मारायला सुरुवात केली, मग नवऱ्यानेही, मीही. इथे परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला दुसरं नाव उरलंच नाही. घर तिच्यावर टाकून मी एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायचे.

तिचं गाव मध्य जावात, डोंगराच्या अंगावर. ती एकुलती एक, वडील केव्हाच गेलेले, आई एकटी राहायची. घर, गोठ्यात एक गाय आणि घरामागे उतारावरचं शेत, एवढीच त्यांची मालमत्ता. शेतात मिरची आणि कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद. खालच्या अंगाला शेजाऱ्याची भातखाचरं. दोघांच्या मध्ये लाल पानांच्या झुडपांची रांग होती. तिकडे हद्दीला तीच झुडपं लावतात. शेजारी ती झुडपं हळूच उपटून वर लावतो, असा आईचा पक्का समज होता. त्यामुळे म्हातारी एक दिवसही घर सोडायला तयार नसे. भाचीच्या लग्नालासुद्धा जेवून लगेच परत आली होती.

एकदा आम्ही सगळे पुलाउ उबीन बेटावर गेलो होतो. तिथली जुनी लाकडी घरं, कोंबड्या, फणसाची झाडं बघून मला वाटलं, हिला घरची आठवण येईल. ती म्हणाली, "इथे बरं आहे मॅम. मागे डोंगर नाही."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कळला तो पुढच्या पावसाळ्यात. रविवारी दुपारी ती आईशी व्हिडिओवर बोलत होती आणि बोलता बोलता पडद्यावर वाकली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तिने फोन माझ्यासमोर धरला. त्यांच्या चुलीजवळच्या जमिनीवर एक भेग होती, भिंतीपासून दारापर्यंत गेलेली. आईने पलीकडून तिच्यात बोटं घालून दाखवली. पेरांपर्यंत आत गेली. मग तिने त्यावर चटई ओढली आणि हसली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, जमीन जुनी झाली, माणसासारखी. आई नुसती लेमाह, लेमाह करत बसली आहे." लेमाह म्हणजे माती, जमीन. तो शब्द त्यानंतर मी रोज ऐकला.

गावच्या प्रमुखाने वरच्या घरांना शाळेत झोपायला सांगितलं. आई संध्याकाळी शाळेत जायची आणि उजाडलं की गायीला चारा घालायला परत घरी. तिथून फोन करायची. भेग रुंदावत होती. दार लागेनासं झालं. म्बाक कपडे वाळत घालता घालता मध्येच थांबायची. मीसुद्धा मीटिंगमध्ये बसल्या बसल्या फोनवर तिकडचा पाऊस बघायला लागले. समोरच्या बांधकामावर यंत्रं सुरू झाली की आमच्या कपाटातल्या काचा थरथरायच्या. रोजचंच होतं ते, पण आता मी उठून फरशी बघून यायचे.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. म्बाक लेकीला शाळेतून आणायला खाली गेली होती. तिचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. दुसऱ्याचा फोन घ्यावा की नाही, या विचारात मी उभी राहिले. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

आईचा चेहरा दिसला नाही. मागचं बांबूचं बेट दिसलं. वारा नव्हता, तरी ते सगळं एका बाजूला कलत होतं. आई भराभर काही बोलत होती, त्यातलं लेमाह तेवढं मला कळलं. मग एका पुरुषाचं ओरडणं आलं, अगदी जवळून. चित्र गरकन फिरलं. आभाळ, कौलं, कुणाचा तरी चिखलाने भरलेला पाय. खूप ट्रक एकदम रेती ओतताहेत, तसा आवाज झाला आणि पडदा काळा झाला.

मी परत फोन लावला. लागला नाही. बाहेर लिफ्टचं दार उघडलं, लेकीची बडबड ऐकू आली, किल्ली फिरली. तिला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. पण माझ्या हातातला फोन बघूनच म्बाक दारात थांबली.

"आईचा होता," मी म्हटलं. जे पाहिलं ते क्रमाने सांगितलं. काही गाळलं नाही.

"पुरुष कोण?"

"दिसला नाही. ओरडत होता."

तिने लेकीचं दप्तर खाली टाकलं. "शेजारी असेल. हद्दीवरून भांडायला आला असेल. आई विळा घेऊन अंगावर जाते, मॅम."

डोंगराची भीती होतीच, तिच्यात आता माणसाची भर पडली. ती एकामागून एक नंबर लावत राहिली. गावात कुणाचाच फोन लागेना. लेक बुटांसकट आत येऊन म्हणाली, "म्बाक, why you sit on the floor?" मी तिला उचलून खोलीत नेलं, टॅब हातात दिला आणि दार ओढून घेतलं. मग मीही म्बाकजवळ जमिनीवर बसले. तिचा हात धरला. माझ्या मनात नको नको ते येत होतं. हिला विमानतळावर कोण सोडणार, इथपर्यंत माझी मजल गेली आणि मला माझीच भीती वाटली.

सूर्य कलला तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. म्बाकने तो स्पीकरवर टाकला, कारण तिला कानाला धरवेना. पुरुषाचा आवाज होता. ती ऐकत राहिली, मग तोंडावर ओढणी दाबून वाकली. मला वाटलं, संपलं. मी तिचा खांदा हलवला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "शेजारीच बोलतोय."

पाटाचं पाणी एकाएकी गढूळ झालं, म्हणून तो बघायला वर चढला होता. आई अंगणात उभी राहून फोनवर म्बाकला कलणारा बांबू दाखवत होती. त्याने हाका मारल्या, ती हलेना. गाय सोडायला गोठ्याकडे वळली, तेव्हा त्याने तिला दंडाला धरून फरफटत बाजूच्या टेकाडावर नेलं. घर, गोठा, गाय, शेत सगळं घसरून त्याच्या खाचरांवर जाऊन पडलं.

"आई बोलेल का?" म्बाकने विचारलं.

पलीकडून आईचं रडणं ऐकू आलं. गायीसाठी रडत होती.

म्बाक घरी जाऊन आली. परतल्यावर एकदा भाजी निवडताना म्हणाली, की ती लाल झुडपं मेली नाहीत. शेजाऱ्याच्या शेताच्या मधोमध वाकडीतिकडी उभी आहेत. वरची माती आमची, खालची त्याची, कुणाला काही मोजता येत नाही. शेवटी आई आणि शेजारी दोघांनी मिळून तिथे कसावा लावायचं ठरवलं आहे. गावाने आईला सपाटीवर जागा दिली, फळ्यांची खोली उभी राहिली. पाऊस असला की मात्र उतारावर, त्या शेतातसुद्धा, जायला सगळ्यांनाच बंदी आहे.

काल तिकडे पुन्हा जोराचा पाऊस होता. म्बाकने फोन लावला, आईने उशिराने उचलला.

"कुठे आहेस?"

"खोलीत," आई म्हणाली.

तिच्या खांद्यामागे हद्दीच्या झुडपांची ओली, लाल पानं हलत होती. म्बाकने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तशी, ती आईला खाली उतरायला सांगू लागली.