चित्रं बंद ठेवणारा एवेलियो

आमच्या प्लासेतास गावात एवेलियोला विचारल्याशिवाय कुणी साधा पंखाही विकत घेत नाही, असं निदान एवेलियोचं तरी म्हणणं होतं. उभा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, मतं मात्र पोत्याने उरली. कुठलं शिलाई मशीन टिकतं, सायकलला कुठली मोटार लावावी, सगळ्यावर त्याचा निकाल तयार असायचा.

याचं मूळ त्याच्या फ्रीजमध्ये होतं. सरकारने घरोघरचे जुने रशियन फ्रीज नेऊन नवे चिनी दिले, तेव्हा अख्ख्या गल्लीने हसत हसत अदलाबदल केली. एवेलियो तेवढा दारात आडवा उभा राहिला. पुढे नवे फ्रीज गळायला लागले आणि शेजारणी डुकराच्या मांसाची पातेली घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात रांगेने येऊ लागल्या. तेव्हापासून आपण चुकू शकतो ही शंकाच त्याच्या मनातून गेली. माणसाने एकदा इतकं ठळक बरोबर ठरू नये.

मुलगी यामिलका स्पेनला गेली, ती जाताना बापाला फोन देऊन गेली. डेटा म्हणजे आमच्याकडे सोनं. एवेलियोने बरीच पारख करून एक जुना, लहानसा ब्राउझर निवडला आणि त्याचं नाव ठेवलं खेचर. थोडं खातं, मुकाट ओझं वाहतं. बाकी सारा गाव जो नवा ब्राउझर वापरायचा, तो त्याच्या लेखी मोर. पिसारा फुलवून डेटा खातो, आणि वर आपल्या घरातलं बाहेर सांगतो. खेचरात चित्रं बंद ठेवायची सोय होती. त्याने चित्रं पहिल्याच दिवशी बंद केली. जिथे चित्र असायचं तिथे राखाडी चौकोन दिसायचा.

"फोटोच बघायचे नाहीत, तर रेडिओ घ्यायचास," शेजारची नोराइदा म्हणायची. ती ओसरीवर बसून बायकांची नखं रंगवायची.

"रेडिओच बरा होता. डोळ्यांना भूल नव्हता घालत."

"लग्नाआधी माझा फोटो खिशात घालून हिंडायचा हा," त्याची बायको मिग्दालिया आतून ओरडायची.

"तेव्हा डेटा लागत नव्हता!"

यावर तिघंही हसायची. तोपर्यंत हसण्यासारखं होतं.

मिग्दालियाला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या तोवर कुणाला कळतही नसे. मग औषधाच्या दुकानात गोळ्या येईनाशा झाल्या. ती आधी अर्धी घ्यायला लागली, मग पाव. एवेलियो झुलत्या खुर्चीत बसून देवाणघेवाणीच्या ग्रुपवर गोळीचं नाव शोधायचा. नाव टाकलं की काहीच यायचं नाही. मग तो एकेक पोस्ट खाली सरकवत जायचा. बऱ्याच पोस्टवर राखाडी चौकोन आणि खाली एकच ओळ: 'फोटोत आहे ते. अदलाबदलही चालेल.'

"चपला विकत असतील," तो म्हणायचा. "ज्याच्याकडे खरा माल आहे, तो नाव लिहील. नाव लपवणाऱ्याचा माल खोटा."

"अरे, चित्रांशिवाय त्या ग्रुपवर जाणं म्हणजे डोळे बांधून बाजारात जाणं," नोराइदा म्हणाली. "आण इकडे, मी माझ्या फोनवर बघते."

"माझ्या बायकोचं दुखणं तुझ्या मोराला कळायला नको. उद्या गावभर करेल."

"गावाला कधीचं ठाऊक आहे, गाढवा!"

त्या संध्याकाळी मिग्दालियाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्या, एकदाच लाव ना चित्रं. संपला डेटा तर संपला."

"डेटा संपला तर गोळी कशावर शोधू?"

ती कॉफी टाकायला आत गेली. तो वाईट माणूस नव्हता हो. तिच्यासाठीच तर तो डोळे फोडून घेत होता.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी, कॉफी गाळता गाळता ती कोसळली. फिट थांबेचना. नोराइदाच्या भावाने तिला तीनचाकी सायकलवर घातलं, पण इस्पितळ गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्याकडे मढं फार वेळ ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरली.

यामिलकाला येता आलं नाही. तिने आईचा एक जुना फोटो पाठवला आणि निरोप धाडला, "पप्पा, आता तरी चित्रं लावा. आईला बघा."

एवेलियोने चित्रं चालू केली. समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी राहून मिग्दालिया हसत होती. तो खूप रडला. मग सवयीने त्याचा अंगठा ग्रुपवर गेला.

एकही चौकोन राखाडी नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे पंप, मुलांच्या तापाची बाटली. बोटाने सरकवत तो महिनाभर मागे गेला, आणि तिथे ते पाकीट होतं. निळ्या अक्षरांत गोळीचं नाव. खाली: 'फोटोत आहे ते. अदलाबदलही चालेल, तेल असल्यास उत्तम.' पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा, शेजारी फोन नंबर. एवेलियोच्या कपाटात तेलाची न उघडलेली बाटली होती.

त्याने फोन लावला. "गोळ्या अजून आहेत?"

"आहेत की," एक बाई म्हणाली. "तीन पाकिटं गेली, एक उरलंय. आईसाठी आणली होती, पण आईच गेली. औषधं अशी विकायला बंदी, नाव लिहिलं तर इन्स्पेक्टर दारात, म्हणून सगळे आपले फोटोच टाकतात. तुम्हाला काय सांगायचं! कुणासाठी हव्यात?"

"बायकोसाठी," एवेलियो म्हणाला.

"मग आत्ताच या, काका. या गोळ्यांत खंड पडला तर जिवावर बेततं."