तळटिपा झाकून

परब मॅडम वर्गात आल्या की पुस्तकातल्या तळटिपा आम्हाला हाताने झाकायला लावायच्या. अभ्यासाला जुनं इंग्रजी नाटक, ओळीओळीला अडणारे शब्द, आणि अर्थ तर खालीच छापलेले. “अर्थ कुठे पळून जात नाही. आधी ऐका,” म्हणत त्या वाचायला लागायच्या. परळच्या त्या कॉलेजात आम्ही बहुतेक मराठी शाळांतून आलेलो, इंग्रजीला दबकून असायचो. पण त्यांचा खणखणीत आवाज ऐकताना कोण कुणाला झिडकारतंय, कोण लाडीगोडी लावतंय, हे शब्दांच्या आधी कळायचं.

एकदा नाटकातल्या ‘दाऊ’ (thou) शब्दावर मी विचारलं, “हे जुनं ‘यू’च ना, मॅडम?”

“घरी वडिलांना काय म्हणतेस?”

“तुम्ही.”

“आणि आईला?”

“तू.”

“मग? इंग्रजांकडेही तू होतं, त्यांनी घालवलं. आता या नाटकात नोकर मालकाला ‘तू’ कुठे म्हणतो ते शोध. तिथे काहीतरी बिनसलंय.”

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून मी ती जागा शोधली. इंग्रजीची भीती गेली ती त्या संध्याकाळी.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. मॅडमचा आवाज तेव्हा बसू लागला होता. गळ्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायला सांगितलं, तर या म्हणाल्या, शेवटचा अंक संपू दे.

“मॅडम, अंक मी शिकवते. तुम्ही ॲडमिट व्हा.”

“तू चांगलंच शिकवशील गं. पण एवढा मला वाचू दे. नंतर कधी वाचणार?”

त्यांनी घोगऱ्या आवाजात तो पूर्ण वाचला. ऑपरेशन त्यानंतर झालं. त्या उशिराने किती नुकसान झालं, हे डॉक्टरांना विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.

मग मी दर रविवारी नायगावला त्यांच्या खोलीवर जाऊन नाटकं वाचून दाखवायचे. कुठे चुकलं की त्या बोट वर करायच्या, मी ती ओळ पुन्हा घ्यायचे. दुखणं उलटलं तरी त्यांनी हे थांबवू दिलं नाही.

शेवटच्या रविवारी मी अख्खा प्रवेश वाचला. बोट एकदाही वर झालं नाही. मान वर करून पाहिलं, तर मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या, श्वास संथ चालू होता. मी बिनचूक वाचलं होतं, की त्यांच्यात बोट उचलण्याचंही त्राण उरलं नव्हतं, ते मला कळेना. पांघरूण सारखं केलं आणि पुढचा प्रवेश वाचायला घेतला.