विंगकाकांचा आवाज

विंगकाका नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. विंगेतल्या स्टुलावर बसून त्यांनी किती राजांना त्यांचा हुकूम आठवून दिला आणि किती प्रियकरांना प्रेयसीचं नाव! नटाला नेमकं ऐकू जाईल, पहिल्या रांगेला मुळीच जाणार नाही, असा तो आवाज. त्यांनी तारलेले लोक टाळ्या घेऊन गेले. काका स्टूल भिंतीला लावून घरी गेले, कधी तक्रारीचा सूर नाही.

निवृत्तीनंतर घरात बसून ते कोमेजायला लागले, तेव्हा सुनेनं आपली जुनी रेसची सायकल त्यांच्यापुढे उभी केली. बारीक चाकं, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. पाय जमिनीला टेकावेत म्हणून काकांनी सीट पार खाली घेतली आणि गुडघे कानाशी घेऊन गल्लीला फेरी मारली.

"बाबा, सीट वर घ्या! खालच्या पायडलवर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा."

"आणि थांबायचं कसं?"

"थांबताना सीटवरून उतरायचं. सिंहासन आहे का ते?"

काकांची सायकलवर घालायची, गादी शिवलेली चड्डी दोरीवर घालताना बायकोनं विचारलं, "ही चड्डी आहे की उशी?"

"दोन्ही," काका म्हणाले. इतकं हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं.

पण शिकले मात्र झपाट्यानं. चढ लागायच्या आधीच गिअर हलका करायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढच्या ओळीवर नजर ठेवण्यातच हयात गेली होती.

मग सुनेनं त्यांना रविवारच्या सायकलवाल्या मंडळींत नेलं. तिथली म्होरकी एक दातांची डॉक्टर. एकामागे एक, चाकाला चाक लावून ही रांग धावते. मागच्याला रस्ता दिसत नाही, म्हणून पुढच्यानं खड्डा दिसला की ओरडायचं. काकांना खड्डा दिसला. त्यांनी सांगितलाही, तीस वर्षं सांगत आले तसा. मागून येणारी सून धाडकन आपटली.

"काका, ओरडला का नाहीत?" डॉक्टरीण कडाडली.

"म्हणालो की, खड्डा."

"त्यांनी सांगितलंच असणार," खरचटलेलं कोपर फुंकत सून म्हणाली. "घरी मीठ मागतात तेव्हाही फक्त मिठालाच ऐकू जातं."

सगळे हसले, डॉक्टरीण नाही. "पुढच्या रविवारी तुम्ही शेवटी. मागून गाडी आली, की तुमचा आवाज पहिल्यापर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला, तर वाईट वाटून घेऊ नका काका, एकट्यानंच चालवा."

एकट्यानं! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते माणसांच्या आड नव्हते, माणसांत होते. ते सोडायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी काका रिकाम्या नाट्यगृहात शिरले आणि रंगमंचाच्या मधोमध उभे राहिले. इतकी वर्षं तिथं काढली, पण ही जागा पायाखाली कधी आली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं.

"कोण कुजबुजतंय?" बाल्कनीत झाडणारी बाई म्हणाली.

काकांनी छाती भरून घेतली. "गाडी!"

बाई दचकून खुर्चीवर चढली.

रविवार आला. उतारावरच्या अरुंद वळणावर काकांना मागून ट्रकची घरघर ऐकू आली. पुढे डॉक्टरीण खडी चुकवायला नेमकी रस्त्याच्या मधे सरकत होती.

"गाडीऽऽ! मागून गाडीऽऽ!"

काय तो आवाज! इतकी वर्षं पडद्याआड जपून ठेवलेला, कोरा करकरीत. डॉक्टरीण झटक्यात कडेला आली, तिच्यामागे सगळी रांग आली, आणि ट्रक धूळ उडवत शेजारून निघून गेला.

उताराखाली सगळे थांबले. काका सीटवरून नीट खाली उतरले. डॉक्टरीण कान चोळत त्यांच्यापाशी आली.

"काका, पुढच्या रविवारी शेवटची जागा तुमचीच. ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. फक्त जरा हळू हो, कानठळ्या बसल्या!"

"हळू मला येतंच!" काका म्हणाले. तेही ओरडूनच.