अकराने भाग जाणारा बिल्ला

जयवंतकाकांचं डोकं फिरायला कारण लागत नसे. मिलमध्ये ते हजेरीबाबू. प्रत्येक कामगाराच्या पितळी बिल्ल्यावरचा आठ आकडी नंबर त्यांनीच ठरवलेला, आणि असा ठरवलेला की त्याला अकराने भाग गेलाच पाहिजे. शेजारचे दोन आकडे कुणी उलटसुलट लिहिले, तर भाग जात नाही, चूक तिथेच पकडली जाते. हे त्यांनी लालबागच्या आमच्या चाळीत इतक्यांदा ऐकवलं, की चौथी पास असलेल्या माझ्या आईलाही, गंगुबाईला, पाठ झालं होतं.

गिरणी कामगारांच्या घरांच्या यादीतून बाबांचं नाव उडालं. कारण काय, तर बिल्ला नोंदीशी जुळत नाही, म्हणजे बनावट. तीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला माणूस बनावट! सहा वर्षं आम्ही घरांच्या ऑफिसात हेलपाटे घातले, काका प्रत्येक वेळी सोबत येऊन भांडले. त्यातच बाबा गेले, तो डाग घेऊन.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या ऑफिसात हितेंद्र नावाचा नवा साहेब आला. काकांनी त्याच्या टेबलावर बिल्ला आपटला. ५२८३१७४६. एक सोडून एक आकडे मिळवायला लावले. पाच, आठ, एक, चार, झाले अठरा. दोन, तीन, सात, सहा, तेही अठरा. फरक शून्य, म्हणजे अकराने भाग जातो. मग यादीतला नंबर, ५२८३७१४६. एकीकडे चोवीस, दुसरीकडे बारा. फरक बाराचा, भाग जाणं शक्यच नाही.

"असला नंबर आमच्या मिलमध्ये जन्मालाच आला नाही," काका म्हणाले. "उतरवताना कुठल्या गाढवाने माती खाल्ली ते सांगा."

हितेंद्रने आतून मिलचं मूळ रजिस्टर आणलं आणि पान उघडून समोर ठेवलं. तिथेही सात आधी, एक नंतर. अक्षर काकांचं. तारीख खंडेनवमीची. त्या दिवशी मिलमध्ये यंत्रांबरोबर रजिस्टरं आणि पेनंही पूजेला मांडत, आणि एकदा मांडली की लिहायचं नाही. काकांनी शेवटचं नाव, बाबांचं, घाईत चढवलं आणि भाग घालून बघितलाच नाही.

मला वाटलं, आता काहीतरी सबब काढतील. त्यांनी कागद मागितला. 'चूक माझी, बिल्ला खरा' असं लिहून खाली सही केली.

जिन्यावर माझं टाळकं सटकलं. सहा वर्षं जगाला गाढव म्हणत होतात, एकदा रजिस्टर दाखवा म्हणायची बुद्धी झाली नाही? काकांनी कठडा धरला.

"माझी चूक असात, ह्यां डोक्यातच इला नाय गो."

घराचं पत्र सोमवारी आलं. आई पेढे घेऊन काकांकडे गेली. ते हात पुढे करेनात, तेव्हा तिने पेढा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या भावोजी. तुमच्या अकरानेच माझ्या माणसाला खरा ठरवला."

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. पत्र माझ्या हातात होतं आणि त्यात बाबांच्या नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं.